एमआरआयच्या कागदाला घाबरलेल्या रुग्णाशी काय बोलावे?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. इथे या व्यवसायातील अनुभवी मंडळी लिहितात, तसेच दुखणे अंगावर काढलेली माणसेही लिहितात, म्हणून दोघांनाही उद्देशून विचारत आहे.

माझ्याकडे कंबरदुखीसाठी येणारे बहुतेक रुग्ण काय दुखते हे सांगण्याआधी एमआरआयची भलीमोठी पिशवी टेबलावर ठेवतात. सध्या ज्यांच्यामुळे हा विषय मनात घोळतो आहे त्या काकू पंचेचाळिशीच्या आहेत आणि पोळी-भाजीचे डबे पुरवतात (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). त्यांच्या अहवालात कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील चकतीला फुगवटा आणि झिजेचे बदल लिहिले आहेत. ‘मणक्यात गॅप आहे, खाली बसायचे नाही, वाकायचे नाही, कळशी उचलायची नाही’ असे त्यांना कोणीतरी बजावले आणि त्यांनी ते अक्षरशः पाळले. पट्टा त्या झोपतानाही काढत नाहीत. देवापुढे बसणे सुटले, पंगतीत बसणे सुटले, पिठाचा डबा ओट्यावर चढवून झाला, आणि एवढे करूनही दुखणे तसूभरही कमी झालेले नाही. तपासणीत पायांची ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया व्यवस्थित आहेत. पण पुढे वाकायला सांगितले की त्या श्वास रोखतात, एका हाताने टेबल घट्ट धरतात आणि बोटे गुडघ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच थांबतात.

या वयात दुखणे नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही असे बदल दिसतात, केस पांढरे होतात तसेच हे, असे मी त्यांना समजावले. त्यावर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “पांढरे केस दुखत नाहीत हो मॅडम. म्हणजे मी नाटक करते असं म्हणायचंय का तुम्हाला?” मला उत्तर सुचले नाही.

दुसरी अडचण व्यायामाची आहे. त्यांचा दिवस पहाटे चार वाजता सुरू होतो. मी दिलेला चित्रांचा कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे असे त्या प्रामाणिकपणे सांगतात, आणि “चार दिवस करंट घेतला की बरं वाटतं, तेवढं करा” अशी विनंती करतात. अशा वेळी दुखणे नाकारल्यासारखे न वाटता धीर कसा द्यावा, आणि ज्यांच्या दिवसात वीस मिनिटेही मोकळी नाहीत त्यांना व्यायाम तरी कोणता सांगावा?

हाजीअली ते चिपळूण

तुम्हाला उत्तर सुचले नाही हे मला वावगे वाटत नाही, कारण काकूंचा प्रश्न एमआरआयबद्दल नव्हताच. आपल्या दुखण्यावर समोरच्या बाईचा विश्वास आहे की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा तिच्याखाली जी टिपणे जोडली, त्यांत माणसाने ‘मला दुखते’ असे सांगितले तर त्याचा मान राखावा असे स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य अभ्यासक्रमात शेवटी येते. दवाखान्यात ते पहिले यायला हवे. “काकू, दुखतंय हे खरंच आहे, त्याबद्दल मला शंका नाही” हे मी मोठ्याने, रुग्णाकडे बघून म्हणते. ते गृहीत आहे असे समजून पुढे गेले की नंतरचे सगळे बोलणे संशयाने ऐकले जाते.

तुम्ही सांगितलेली माहिती चुकीची नाही. कंबरदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला; त्यात चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के, चाळिशीतल्या ६८ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत आढळली, आणि चकतीचा फुगवटा चाळिशीतल्या निम्म्या लोकांत होता. मी हे आकडे रुग्णाच्या मुलाला सांगते, शिकलेल्या सुनेला सांगते. पण स्वतः रुग्णाला पहिल्या भेटीत सांगत नाही. आकडे इतरांच्या पाठीबद्दल असतात आणि ती तर स्वतःची पाठ घेऊन आलेली असते.

त्याऐवजी मी अहवाल तिच्यासमोर पूर्ण वाचते, मोठ्याने, ओळ न ओळ, मराठीत. अहवालाचा शेवटचा ठळक भाग सर्वांनी वाचलेला असतो, त्याच्या आधीचा कोणीच नाही. मणक्यांची रांग व्यवस्थित आहे, हाडात गाठ नाही, जंतुसंसर्गाची खूण नाही, मज्जारज्जू ठीक आहे, नसेवर दाब नाही, या ओळी बहुतेक अहवालांत असतात आणि त्या आपल्याही अहवालात आहेत हे रुग्णाला कोणी सांगितलेलेच नसते. वाचून झाले की कागद घडी घालून पिशवीत ठेवायचा आणि पिशवी रुग्णाच्या हाती न देता कोपऱ्यात उभी करायची. त्या भेटीत मग तिचा विषय पुन्हा काढत नाही.

यानंतर समजावून सांगण्याच्या फंदात फार पडू नये असे माझे ठाम मत झाले आहे. ‘खाली बसायचे नाही’ हे वाक्य दुसऱ्या वाक्याने खोडता येत नाही, ते खाली बसूनच खोडावे लागते. माझ्या खोलीत खुर्ची, बुटके स्टूल, लाकडी चौरंग आणि घडी घातलेल्या चार-पाच सतरंज्या असतात. पहिल्या दिवशी खुर्चीवरून स्टुलावर, एवढेच. हात कुठेही टेकवायचे, पण श्वास रोखायचा नाही. बसताना हळू सोडायचा, म्हणजे पोटाची आणि पाठीची ताठरता आपोआप ढिली पडते. पुढे चौरंग, त्यावर तीन सतरंज्या, मग दोन, मग एक. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे नेहमीइतकेच असेल तर प्रमाण बरोबर आहे, वाढलेले राहिले तर एक सतरंजी परत घालायची. बसून झाल्यावर ‘पाहा, जमले की नाही’ असे मी कधीही म्हणत नाही, त्यात जिंकल्याचा सूर येतो. “आता कुठं आणि कसं वाटतंय?” एवढेच विचारते. उत्तरात पुष्कळदा दुखण्याऐवजी मांड्या भरून आल्याची तक्रार येते, आणि तिथून गाडी रुळावर येते.

व्यायामाचा कागद फ्रिजवरून काढायला सांगा. पिठाचा डबा ओट्यावर चढवला आहे ना, तो पुन्हा खाली आणायचा, प्रथम स्टुलावर आणि काही आठवड्यांनी जमिनीवर. पोळ्यांच्या प्रत्येक घाण्याला त्यांना वाकून पीठ घ्यावे लागेल आणि त्यांचा व्यायाम पहाटे पाचच्या आत होऊन जाईल. तवा तापेपर्यंत टाचा उचलणे, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून अर्धे बसून उठणे, यांसाठी वेगळा वेळ लागत नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत पोलिओची मुले मोठ्या संख्येने येत, आणि मूल पाहताच आमच्या बाई स्नायूंच्या ताकदीआधी विचारत की हा घरी संडासला कसा बसतो, शाळेत कसा जातो, पाणी कोण देते. पायाला आधार देणारा कॅलिपर त्या उत्तरांवरून ठरे. पोलिओ गेला, पण तो प्रश्न मी अजून प्रत्येकाला विचारते.

करंट आणि शेक देणाऱ्या मशीनबद्दल म्हणाल तर मी ते फेकून दिलेले नाही. शेकाने बरे वाटते आणि बरे वाटण्यात पाप नाही. शिवाय ती पंधरा मिनिटे रुग्ण एका जागी असतो, तेव्हाच मला त्याचा दिवस कळतो. माझ्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे आता तक्रार करतात (आपल्या व्यवसायातील निम्म्या लोकांचे करत असावेत), त्यामुळे दाबून देण्याचे काम मी जवळजवळ सोडले आहे आणि त्याने माझ्या रुग्णांचे काही बिघडलेले दिसत नाही.

माळशेजचा पायथा

मी डॉक्टर नाही, जुन्नर तालुक्यात शेती करतो. वरचा सगळा मजकूर पटला, तरी एक गोष्ट परखडपणे लिहितो. माझ्या धाकट्या भावाची पाठ दुखत होती तेव्हा ‘स्नायू आखडले आहेत, एमआरआयची गरज नाही’ असे सांगून कित्येक आठवडे शेक देण्यात आला. त्याला संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत होते, रात्री कूस बदलताना तो ओरडून उठायचा. पण हे कोणी विचारले नाही आणि कंबरेशी त्याचा संबंध असेल असे आम्हालाही वाटले नाही. शेवटी एमआरआय झाला तेव्हा मणक्याचा क्षय निघाला. औषधे वर्षभराहून अधिक चालली, आता तो ट्रॅक्टर चालवतो. त्यामुळे ‘अहवालात काही नसते’ हा सूर सर्रास लावला जाऊ नये एवढी विनंती आहे.

स्वतःचा अनुभव मात्र उलटा आहे. टोमॅटोच्या हंगामात माझी कंबर धरली तेव्हा मला तीन आठवडे आराम सांगितला गेला. नारायणगावच्या बाजारात भाव असताना तीन आठवडे घरी बसणारा शेतकरी मला कोणी दाखवावा. ज्या थेरपिस्टबाईंचा उपयोग झाला त्यांनी पहिल्यांदा विचारले की क्रेट कुठून उचलता आणि कुठे ठेवता. वीस किलोचा क्रेट जमिनीवरून थेट पिकअपच्या हौद्यात फेकण्याऐवजी मध्ये बांधावर टेकवायचा, आणि सलग भरणी न करता चार क्रेट झाले की तोडणीला उभे राहायचे, असा क्रम त्यांनी लावून दिला. व्यायाम म्हणून त्यांनी दिलेले काही मला आता आठवतही नाही. क्रेटचा क्रम मात्र अजून तसाच आहे.

हाजीअली ते चिपळूण

माळशेजचा पायथा, तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे आणि ते मी आधीच लिहायला हवे होते असे कोणी म्हटले तर तेही मान्य. ताप, कारण नसताना उतरणारे वजन, विश्रांतीतही न थांबणारे रात्रीचे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडणे किंवा अपघात, यांपैकी काहीही असेल तर प्रथम डॉक्टर आणि तपासणी, सतरंज्या नंतर. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, हे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण पाहता संध्याकाळी कणकण येते का, हा प्रश्न पाठदुखीच्या प्रत्येक रुग्णाला विचारलाच पाहिजे. धीर देण्याचा अधिकार कसून तपासल्यावरच मिळतो.

आतली छायाचित्रे

अहवाल लिहिणाऱ्यांच्या वतीने थोडे. मी रेडिओलॉजिस्ट आहे. जे दिसते ते सर्व लिहिणे आमचे काम आहे, आणि तो अहवाल रुग्णाला तपासणीसाठी पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी असतो; रुग्णाने तो रिक्षात बसून मोबाइलवर एकेक शब्द शोधत वाचावा अशी त्याची रचना नाही. व्यवहारात मात्र तो तसाच वाचला जातो.

अहवालातच ‘या वयाच्या निरोगी लोकांतही हे बदल इतक्या टक्क्यांना दिसतात’ अशी ओळ छापली तर काय होईल, याचा अमेरिकेत मोठा प्रयोग झाला. सुमारे अडीच लाख रुग्ण त्यात होते आणि निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. कंबरेवरच्या पुढच्या तपासण्या आणि उपचार त्या ओळीने कमी झाले नाहीत. अफूजन्य वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित घटल्या. हा निकाल मी पाहिला तेव्हा मला वाईट वाटले होते, कारण ती ओळ घालावी असे मीच सहकाऱ्यांना सांगत असे. वरचा सतरंज्यांचा प्रकार वाचून त्याचे कारण थोडे उमगले. छापील भीतीला छापील धीर पुरत नाही.

टेम्सकाठचा सातारकर

मी लंडनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत फिजिओथेरपिस्ट आहे, त्याआधी काही वर्षे साताऱ्यात काम केले आहे. पाठ निकामी होत चालली आहे, आता ती जपायला हवी, ही धास्ती इथल्या रुग्णांतही तितकीच आहे. ती फक्त आपल्याकडची नाही. फरक व्यवस्थेत आहे. इथल्या मार्गदर्शक तत्त्वांनी २०१६ सालीच सांगितले की साध्या कंबरदुखीत प्राथमिक पातळीवर सरसकट एमआरआय करू नये, आणि पट्टा, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणे), अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल (हे दोन्ही करंटचेच प्रकार) यांपैकी काहीही देऊ नये. साताऱ्यात असताना माझ्या खोलीत यांपैकी पाचही गोष्टी होत्या आणि दवाखान्याचे भाडे त्यांच्यावर निघत असे, हेही सांगितले पाहिजे. इथे मला महिन्याचा पगार मिळतो, रुग्ण किती वेळा टेबलावर झोपला यावर काही अवलंबून नसते, म्हणून मशीनला नाही म्हणणे मला सोपे जाते. त्या बदल्यात इथला रुग्ण माझ्यापर्यंत पोहोचायला आठवडेच्या आठवडे थांबतो आणि तोवर त्याची भीती घट्ट झालेली असते. वारणाकाठ यांच्याकडे काकू त्याच संध्याकाळी येऊ शकतात, ही मोठी सोय आहे.

मशीनच्या बाबतीत मात्र चिपळूणच्या बाईंशी मी आदरपूर्वक असहमत आहे. पंधरा मिनिटे करंट घेऊन उठलेल्या माणसाला बरे वाटले तर श्रेय करंटला जाते. ‘माझ्या पाठीला बाहेरून काहीतरी द्यावे लागते’ ही समजूत प्रत्येक बैठकीत थोडी थोडी पक्की होत जाते आणि सतरंज्यांनी जे कमावले ते तारांनी जाते. गप्पांसाठी वेळ हवा असेल तर चहा पाजावा, तो स्वस्त पडेल.

हाजीअली ते चिपळूण

चहा पाजून पैसे कसे मागायचे, तेही कळवावे. गंमत सोडा, तुमचा मुद्दा खरा आहे. परंतु ज्या बाईने आयुष्यात स्वतःसाठी पंधरा मिनिटे आडवे पडून घेतलेली नाहीत, तिला मिळणारे बरे वाटणे नेमके तारांचे असते की आडवे पडण्याचे, हे मला सांगता येत नाही, आणि मी ते काढून घेऊ इच्छित नाही.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काही आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

संध्याकाळी कणकण येते का, हे प्रथम विचारले. तसे काही नव्हते. मग अहवाल मराठीत वाचून दाखवला. ‘नसेवर दाब नाही’ या ओळीशी काकूंनी मला थांबवले, पुन्हा वाचायला लावले आणि ती ओळ कुठे आहे ते बोट ठेवून पाहिले. इंग्रजी वाचता येत नसूनही त्यांना जागा पाहायची होती. त्या दिवशी त्या खुर्चीवरून स्टुलावर बसल्या. दुसऱ्या आठवड्यात चौरंगावर तीन सतरंज्या घालून बसल्या, उठताना माझा हात धरला आणि दुखते म्हणाल्या, पण पुढच्या भेटीला स्वतःहून एक सतरंजी बाजूला काढली. दुखणे गेलेले नाही, हे आवर्जून लिहिते. रात्रीचा पट्टा सुटला आहे, दिवसाचा तसाच आहे. पिठाचा डबा स्टुलापर्यंत उतरला आहे.

मशीनच्या वादात माझी सोय मी अशी लावली आहे. आमच्या गावात मशीन न लावता फी घेतली तर रुग्ण दुसऱ्यांदा येणार नाही, हे उघड आहे. पूर्वी मी व्यायाम आधी करून घेत असे आणि शेवटी शेक देत असे, म्हणजे रुग्ण टेबलावरून उठून थेट चपला घालून घरी जाई. आता शेक आधी देते आणि बसणे-उठणे शेवटी ठेवते, त्यामुळे दाराबाहेर पडताना त्याच्या अंगात शेवटचे जे काही असते ते त्याने स्वतः केलेले असते. सातारकर, याने तुमचे समाधान होईल का ते माहीत नाही, माझे बऱ्यापैकी झाले आहे.

एक प्रश्न उरला आहे. काकूंचे यजमान नवा एमआरआय काढायचे म्हणत आहेत, गॅप भरला का ते पाहायला. नको म्हटले तर मी काहीतरी लपवते असे वाटेल, आणि काढला तर तोच फुगवटा पुन्हा दिसेल.

आतली छायाचित्रे

लक्षणे बदललेली नसतील तर तो बहुधा पहिल्यासारखाच येईल आणि खर्च वाया जाईल. पायाची ताकद कमी झाली, मुंग्या खाली सरकू लागल्या किंवा वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी काही दिसले, तर मात्र विनाविलंब काढावा. हेच यजमानांना सांगा. कोणत्या परिस्थितीत एमआरआय काढायचा हे स्पष्ट सांगितले की तो नको म्हटल्यासारखे वाटत नाही.

हाजीअली ते चिपळूण

आणि पुढच्या भेटीला यजमानांनाही बरोबर बोलवा. घरात कळशी उचलू न देणारे बहुधा तेच असणार. काकू चौरंगावर बसतात ते त्यांना नुसते बघू द्या, आपण काही बोलू नका. जाताना कळशी अर्धी भरून उचलायची की पाव, एवढेच त्या दोघांना आपसात ठरवायला सांगा.